लेकाला डिस्लेक्सिया आहे हे कळल्यापासून आम्हा दोघांत अंतर पडलंय

रानजाई | ९ जुलै, रात्री ११:५२

गेली चार-पाच वर्षं इथे नुसती वाचत असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेदहा वर्षांचा, पाचवीत, सेमी-इंग्रजी. तिसरीत असताना डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असं निदान झालं. 'घर' सांगितलं की 'धर' लिहितो, 'भ' आणि 'म'चा घोटाळा होतो, जोडाक्षर आलं की पेन खाली ठेवतो. तोंडी विचारलं तर विज्ञानाचा अख्खा धडा सांगेल. बुद्धी चांगली आहे, रिपोर्टमध्येही तसंच लिहिलंय. पण त्याच्याबद्दल मी सगळीकडे बोलतेच. आज मला माझ्या आणि नवऱ्याबद्दल बोलायचंय.

आम्ही डोंबिवलीला राहतो, वन बीएचके. नवरा अंधेरीला कामाला, घरी यायला नऊ वाजतात. मी अर्धवेळ नोकरी करते, तीही मुलासाठी कमी करून घेतलेली. लग्नानंतर पहिली सहा-सात वर्षं आम्ही रात्री एक-एक वाजेपर्यंत गप्पा मारायचो. त्याच्या ऑफिसातली भांडणं, माझ्या मावशीची जमिनीची केस, कशावरही.

आता साडेनऊला जेवणं होतात आणि दहाला मी आणि मुलगा वही घेऊन बसतो, कारण दिवसभराचं काहीतरी राहिलेलं असतंच. अकराच्या सुमाराला तो रडतो. मग मी ओरडते, नाहीतर मीही रडते. नवरा हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवतो. दोन वर्षांपूर्वी चाचणीच्या आदल्या रात्री मुलाला झोप लागेना म्हणून आमच्यात झोपायला घेतला, तो अजून तिथेच आहे. नवरा हॉलमधल्या दिवाणावर गेला. त्याला कुणी जा म्हटलं नाही, आणि थांबही म्हटलं नाही.

मागच्या महिन्यात लग्नाला चौदा वर्षं झाली. येताना त्याने गजरा आणला. मी तो ओट्यावर ठेवला आणि विचारलं, "शाळेच्या अर्जावर सही केलीस का?" सकाळी उठले तर गजरा तिथेच, सुकलेला. तो काही बोलला नाही. उचलून तुळशीत टाकला आणि कामाला गेला. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

शरीराची जवळीक म्हणाल तर वर्ष होऊन गेलं. इथे मला कुणी ओळखत नाही म्हणून स्पष्ट लिहिते. तो मला नकोसा झालेला नाही. पण दिवसभर शाळा, मुलगा, ऑफिस, सासूबाई, सगळे माझ्याकडून काहीतरी मागत असतात. रात्री त्याचा हात अंगावर आला की तेही एक मागणंच वाटतं. मी कूस बदलते. मग तासभर जागी राहून स्वतःला कोसते.

कुणाचं असं झालंय का? परत जवळ आलात का? कसे?

अबोली | १० जुलै, सकाळी ७:१५

रानजाई, गजऱ्याचं वाचून डब्याची पोळी तव्यावर करपली. मुलगी सातवीत आहे, बाकी सगळं तुझंच. उत्तर माझ्याकडे नाही. तू एकटी नाहीस एवढंच सांगते.

पिंपळपान | १० जुलै, सकाळी १०:३०

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. तुमच्या मिस्टरांनी निदान समजून घेतलंय का? की ते नुसते अर्जांवर सह्या करतात? आमच्याकडे ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "मीपण असाच होतो, झालं ना सगळं ठीक?" त्या एका वाक्यामुळे मी सहा महिने त्यांच्याशी धड बोलले नव्हते. मी तीन-तीन बस बदलून सरकारी हॉस्पिटलात खेटे घालायचे. आधी डोळे-कान, मग बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञ, मग स्पेशल एज्युकेटर, प्रत्येकाची वेगळी तारीख. आणि हे म्हणतात ठीक होईल.

गोदाकाठ | १० जुलै, दुपारी २:४८

मी नाशिकची. माझी गोष्ट जरा वेगळी आहे. कुणालाच सांगितलेली नाही.

मुलगी आठवीत, डिसकॅलक्युलिया, म्हणजे आकड्यांची अडचण. मुली वर्गात गप्प बसतात, दंगा करत नाहीत, म्हणून त्यांचं लक्षात यायला उशीर होतो. आमचंही सहावीत कळलं. तोवर 'आळशी' आणि 'लक्ष नाही' हेच ऐकत आलो. घड्याळ कळत नव्हतं. दुकानातून उरलेले पैसे किती आले ते सांगता येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या जातीला एवढं गणित कशाला?" नवरा म्हणाला, "सर्टिफिकेट काढायचं नाही. अपंगत्वाचा कागद एकदा झाला की जन्मभर राहतो. उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर?"

मी भांडले, रडले. दोन महिन्यांनी त्याला न सांगता काढून आणलं. माहेरी जाते असं सांगून तिला हॉस्पिटलात नेत होते. शाळेत दिलं आणि मुख्याध्यापकांना हात जोडून सांगितलं की घरी फोन करू नका. आता मुलीला परीक्षेत जादा वेळ मिळतो, तिचं रडणं थांबलंय. नवरा कौतुकाने म्हणतो, "बघ, मी म्हणत होतो ना, वयाबरोबर सुधारेल."

तो चांगला माणूस आहे. कधी हात उगारला नाही, पैशाला नाही म्हटलं नाही. पण गेली दोन वर्षं तो जवळ आला की मला कपाटातली ती फाईल आठवते. साड्यांच्या खाली आहे. माणसाच्या कुशीत शिरायचं आणि त्याच्यापासून एवढं मोठं लपवायचं, हे मला जमत नाही. त्याला वाटतं माझी इच्छा गेली.

तिसरा_प्रहर | १० जुलै, रात्री १०:०५

मी पुरुष आहे. इथे लिहू की नको असा विचार करत होतो. हा प्रतिसाद फोनवर बोलून लिहितोय. का ते पुढे सांगतो.

वर पिंपळपान यांनी जे वाक्य लिहिलंय, "मीपण असाच होतो", ते मीही बोललेलो आहे. ते बोलताना माझ्या पोटात काय चाललं होतं ते सांगतो.

भोसरीला माझं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी मशीनं आहेत. मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा शाळेने असेसमेंटला पाठवलं. मॅडम आम्हा दोघांना लक्षणं वाचून दाखवत होत्या. ओळ सुटते, अक्षरं उलटी लिहिली जातात, फळ्यावरचं उतरवून होत नाही, वाचायची पाळी आली की पोट दुखतं. प्रत्येक ओळीला मला माझा वर्ग दिसत होता. चौथीत माझ्या बोटांवर लाकडी पट्टी तुटली होती, 'विद्यार्थी' शब्द दहा वेळा चुकला म्हणून. मॅडम म्हणाल्या, हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. मी उठलो, पार्किंगमध्ये गेलो आणि परत आत गेलो नाही. बायकोला वाटलं, हा पळाला. पळालोच होतो.

रिपोर्ट चौदा पानांचा, इंग्रजीत. ती रोज म्हणायची, "एकदा वाच तरी." मी वाचला नाही. ती म्हणायची तुला पोराची पडलेली नाही. खरी गोष्ट ही होती की मला तो वाचताच येत नव्हता. पहिल्या अर्ध्या पानातच अक्षरं नाचायला लागली. लग्नाला बारा वर्षं झाली तरी बायकोला हे माहीत नव्हतं. बिलं, ड्रॉइंग, आकडे मला जमतात. लांबलचक वाचायचं असेल तर मी कुणाला तरी फोन करून विचारून घेतो. हे सगळं मी इतक्या वर्षांत इतकं सफाईने करायला शिकलोय की घरातही कुणाला कळलं नाही.

पुढची दोन वर्षं आमच्या घरात फक्त हिशेब होता. तिने किती केलं, मी किती नाही केलं. ती मुलाला घेऊन झोपायची. मी मुलाला शिकवायला बसलो की आतून आवाज यायचा, "असं नाही शिकवायचं!" मग मी बसायचंच सोडलं. तिच्यालेखी मी एक पाकीट होतो आणि माझ्यालेखी ती एक मास्तरीण. बायकोजवळ जायचं म्हणजे जिने मला नापास केलंय तिच्याजवळ जायचं, असं वाटायचं.

एका गुरुवारी वर्कशॉपला सुट्टी होती आणि आमच्याकडे लाईट नव्हती. मुलगा मित्राकडे. अंधार होता म्हणूनच सांगता आलं. म्हटलं, "तो रिपोर्ट तू मला वाचून दाखव. मला येत नाही." तिला आधी कळेचना. मग कळलं. मेणबत्ती लावून तिने चौदाही पानं मराठीत करून सांगितली. मध्येच थांबून माझा उजवा हात हातात घेतला आणि बोटं बघत बसली, पट्टी तुटली होती ती. पुढचं लिहीत नाही. पण दोन वर्षांनी त्या रात्री मी पलंगावर झोपलो.

रानजाई ताई, तुमचे मिस्टर टीव्हीचा आवाज वाढवतात ना? मीही वाढवायचो. पोराचं रडणं ऐकलं की मला चौथीचा वर्ग ऐकू यायचा. त्यांचं तसंच असेल असं म्हणत नाही. पण एकदा विचारून बघा, त्यांची शाळा कशी होती.

पिंपळपान | १० जुलै, रात्री १०:४१

दादा, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. हे उठून पाणी प्यायला गेले. अजून आत आले नाहीत, मी वाट बघतेय.

पाटीपेन्सिल | ११ जुलै, दुपारी १:२०

मी स्पेशल एज्युकेटर आहे, सोळा वर्षं हेच काम करतेय. या धाग्यातलं दुःख माझ्या खोलीत रोज खुर्चीवर येऊन बसतं, म्हणून थोडं लिहिते.

पहिली गोष्ट. आईने घरी रेमेडियल टीचर, म्हणजे अडलेलं वेगळ्या पद्धतीने शिकवणारी बाई, व्हायचं नाही. ते आमचं काम. आठवड्यातून दोन-तीन तास नीट काम झालं तर त्याचा उपयोग होतो. रात्री दहाला थकलेल्या मुलाकडून थकलेल्या आईने शुद्धलेखन करून घेतलं तर वाचन सुधारत नाही, आईचा आवाज तेवढा मुलाच्या डोक्यात बसतो. शाळेला लेखी कळवा की गृहपाठ अमुक मिनिटं होईल, उरलेला होणार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅलक्युलिया, आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात, हक्काचं मागताय. आपल्या राज्यात तर १९९६पासून या मुलांना सवलती आहेत. दहावीला जादा वेळ, लेखनिक, भाषेतली सूट, गणित फारच जड जात असेल तर सातवीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभव, हे सगळं त्या वाटेने आलं. गोदाकाठ, तुमच्या मुलीसाठी हे शेवटचं नीट समजून घ्या. पुढे कुठल्या शाखेला जायचंय त्याचा विचार करूनच ठरवायचं असतं.

दुसरी. शाळा फोन करते तो आईला. ग्रुप असतो तो आयांचा. डायरीत वडिलांचा नंबर दुसरा असतो. मीही पहिली काही वर्षं हीच चूक केली. सगळं आईला सांगायचे आणि म्हणायचे, "मिस्टरांना सांगा हं." म्हणजे घरी जाऊन तिने माझी निरोप्या व्हायचं. तिला सगळं ठाऊक, त्याला काहीच नाही. मग तो काही बोलला की ती चिडते, आणि तो बोलायचंच सोडतो. मी किती घरांमध्ये हे होताना पाहिलंय! आता पहिल्या भेटीला दोघं आल्याशिवाय मी रिपोर्ट समजावत नाही. महिन्यातून एक तास फक्त वडिलांचा ठेवलाय. ते माझ्यासमोर मुलाबरोबर बसतात आणि आईला त्या तासाला यायची मनाई असते.

तिसरी. हे कशाने झालं, असं विचारून एकमेकांकडे बोट दाखवणं थांबवा. गरोदरपणात काय खाल्लं, मोबाईल किती दिला, तुझ्या माहेरचं की माझ्या घरचं. मेंदूत अक्षर आणि आवाज जोडण्याची जी वाट असते ती या मुलांची वेगळी असते, आणि त्यात अनुवंशाचा भाग मोठा आहे. तो दोष नाही.

आणि आयांनो, सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला 'मुलाचं टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

दूरदेशी | ११ जुलै, रात्री ९:३३

मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून. एक खुलासा करते, कारण वर 'अध्ययन अक्षमता' हे शब्द वाचून आधी माझी वेगळीच समजूत झाली. इकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात ते बौद्धिक अक्षमतेला. डिस्लेक्सिया त्यात धरत नाहीत. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. म्हणजे तुमचं आणि माझं रोजचं जगणं वेगळं. पण गजऱ्याचं वाचलं आणि वाटलं, ते काही वेगळं नाही.

इकडे आम्ही दोघंच. आजी-आजोबा नाहीत, शेजारी बेल वाजवून येत नाहीत. मी दिवसपाळी, नवरा रातपाळी, मुलासाठी मुद्दाम तशा घेतलेल्या. दहा वर्षं आम्ही दारात भेटलो. कौन्सिलकडून शॉर्ट ब्रेक मिळतो, म्हणजे काही तास मुलाला सांभाळायला प्रशिक्षित माणूस. आम्ही तो कित्येक वर्षं मागितलाच नाही. आपलं मूल परक्याकडे द्यायचं, ही मला लाज वाटायची. शेवटी मिळाला तेव्हा पहिल्या शनिवारी दोन तास होते. कुठेतरी कॉफी प्यायला जायचं ठरवलं होतं. गाडी पार्क केली आणि सीट मागे करून दोघंही झोपलो. दोन तास. जाग आली तेव्हा त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि काचांवर वाफ धरली होती. कित्येक वर्षांत आम्ही एका वेळी झोपलो नव्हतो.

भारतात अशी सोय कमी आहे, कल्पना आहे. पण दोन-तीन आयांनी मिळून आळीपाळीने एकमेकींची मुलं सांभाळली तर?

अबोली | १२ जुलै, सकाळी ८:०२

दूरदेशी, हे आम्ही करू शकतो. आमच्या रेमेडियलच्या बाहेर बाकावर आम्ही चौघी रोज बसून असतो. आजच विचारते.

दिवेलागण | १२ जुलै, दुपारी ४:१५

मी सांगलीची, वय ६६. नातीने हा धागा दाखवला. टाईप तीच करतेय, सांगतेय मी.

माझा थोरला १९७८चा. तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हता. एकच शब्द होता, 'ढ'. हे स्वतः शिक्षक. शिक्षकाचा मुलगा ढ, हे त्यांना सहन झालं नाही. रोज संध्याकाळी कंदील पुसावा तसं पोराला समोर घ्यायचे आणि बडवायचे. मी मध्ये पडायचे, मलाही लागायचं. पोरगा नववीत असताना एका रात्री त्याच्या कानातून रक्त आलं. त्या रात्री मी माझं अंथरूण उचलून स्वयंपाकघरात नेलं. अकरा वर्षं तिथेच घातलं. जेवायला वाढलं, आजारपणं काढली, लोकांत जोडीने गेले. पण त्यांच्या अंगाला अंग लागू दिलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

पोरगा दहावीत दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा १९९५ साली. वर त्या बाईंनी लिहिलंय की ९६ला सवलती आल्या. मला हे आत्ता कळलं. एक वर्ष. असो. त्याचं फर्निचरचं दुकान आहे, हाताखाली नऊ माणसं. लाकडाकडे नुसतं बघून माप सांगतो.

हे निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांचा चष्मा पुसायला घेतला, तर चष्म्याच्या घरात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. ब्लेडने नीट कापून बारीक घडी केलेलं. अशा मुलांबद्दल होतं. घडीवर चुरगळलेलं होतं, म्हणजे पुष्कळ वेळा उघडलेलं. मी परत ठेवून दिलं. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. त्या दिवसापासून रात्री त्यांच्या पायांवर पांघरूण घालायला लागले. एवढंच. क्षमा केली की नाही ते मला अजून सांगता येत नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले.

पोरींनो, बोलायचं ते वेळेवर बोला. आम्ही बोललो नाही.

सुपारी | १२ जुलै, रात्री ११:१०

आजी, नमस्कार. बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

रानजाई, तू लिहिलंस ना, हात अंगावर आला की मागणं वाटतं, त्यावर लिहिते. कारण यावर बायका बोलत नाहीत. माझं नेमकं तेच होतं. आधी डॉक्टरकडे जाऊन आले. थायरॉईड निघालं, हिमोग्लोबिन आठ. म्हणजे सगळं मनाचंच नव्हतं, तूही तपासून घे.

मग नवऱ्याला स्पष्ट सांगितलं की मला मागणं नसलेला हात हवाय. त्याला आधी राग आला, मग विचारलं म्हणजे काय. आईने रुखवतात दिलेली काशाची वाटी माळ्यावर होती, ती काढली. रात्री मुलगा झोपला की तो माझ्या तळपायाला तूप लावून वाटीने घासून द्यायचा. दहा मिनिटं. ठरलेलं हे की त्यानंतर काहीही नाही. मी झोपणार. पहिले काही दिवस मला अवघडल्यासारखं व्हायचं, कुणी आपल्यासाठी काही करतंय हे सोसतच नव्हतं. तूप काळं पडत जातं ना, ते बघत बसायचो दोघं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी अशीच त्याच्याशी बोलायला लागले, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल. मग त्याचे पाय मी घासायला लागले. दीड-दोन महिने एवढंच चाललं होतं. नियम मोडला तो मी, त्याने नाही.

आणखी एक. त्या दहा मिनिटांत मुलाचं, शाळेचं, मार्कांचं नाव काढायचं नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड गेलं. बोलायला दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

मुक्तछंद | १३ जुलै, सकाळी ९:४०

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. पण एक सांगायलाच हवं. माझा नवरा मुलाला मारतो, मला मारतो आणि मूल 'असं' झालं ते माझ्यामुळे म्हणतो. अशा घरात जवळीक परत आणायच्या मागे लागू नये. मी तीन वर्षं लागले होते, त्यात मुलाचं फार नुकसान झालं. कुणी वाचत असेल तर महिलांसाठी १८१ नंबर आहे. मी वेगळी राहते. मुलगा आता वाचताना अडखळतो, पण दचकत नाही.

दिवेलागण | १३ जुलै, सकाळी ११:०५

बरं केलंस बाई. मला तेव्हा जमलं नाही.

रानजाई | १३ जुलै, रात्री १०:५८

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. उत्तर द्यायला शब्द नाहीत. तिसरा_प्रहर यांचा प्रतिसाद नवऱ्याला पाठवलाय. वर काही लिहिलं नाही, नुसता पाठवला. निळ्या खुणा आल्यात. पाटीपेन्सिल ताई, एक विचारायचं होतं. मुलाला आमच्यातून वेगळं झोपवायचं कसं? त्याला खरंच भीती वाटते.

पाटीपेन्सिल | १४ जुलै, दुपारी १२:३०

एकदम दुसरीकडे नको. आधी रात्रीचा अभ्यास बंद करा, कारण भीती वहीची आहे. मग झोपायच्या आधी त्याला काहीतरी वाचून दाखवा, त्याने वाचायचं नाही, फक्त ऐकायचं. हे काम वडिलांना द्या. अंथरूण तुमच्याच खोलीत पण खाली, मग हळूहळू बाहेर. चाचणीच्या आठवड्यात बदल करू नका.

रानजाई | १८ ऑगस्ट, रात्री ११:२०

महिना झाला, म्हणून कळवतेय. मोठं काही झालेलं नाही.

नवऱ्याने तो प्रतिसाद लोकलमध्ये वाचला होता. घरी आल्यावर त्याला विचारलं, तुझी शाळा कशी होती? म्हणाला, "माझी चांगलीच होती गं. माझं तसलं काही नाही. पण तू मुलाला घेऊन बसतेस तेव्हा मला दारातून हाकलल्यासारखं वाटतं. मी काही केलं तरी चुकणार हे ठरलेलंच असतं." मला हे ऐकून राग आला. मग रात्रभर विचार केला, तर दारातून हाकलायचे खरंच. शब्दांनी नाही, डोळ्यांनी.

आता मंगळवार आणि शनिवार त्याचे. मंगळवारी तो लवकरची लोकल धरतो. पहिल्या मंगळवारी दोघांनी मिळून अर्धा धडासुद्धा केला नाही, पण आतून हसण्याचा आवाज आला. मला आत जाऊन बघायचं होतं. गच्चीत जाऊन बसले. शाळेला पत्र दिलंय, बाईंनी समजून घेतलं, रात्रीची वही बंद. झोपायचं मात्र अजून अर्धवटच आहे. सध्या तो बाबाबरोबर हॉलमध्ये झोपतो, गोष्ट ऐकत. म्हणजे पलंगावर मी एकटी.

मागच्या रविवारी मुलाला आईकडे सोडून आम्ही दोघं फडके रोडला गेलो, त्याला चपला घ्यायच्या होत्या. गणपतीच्या देवळापर्यंत चालत गेलो. वाटेत तो म्हणाला, "तुझ्या ऑफिसात ती नवीन मॅनेजर आली होती, तिचं पुढे काय झालं?" तिला येऊन दीड वर्ष झालं. मी त्याला कधी सांगितलं होतं तेही मला आठवेना. देवळाच्या बाहेर उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं, तासभर. चपला घ्यायच्या राहिल्या.

सुपारी, आईकडून काशाची वाटी मागवलीय. रक्ताचे रिपोर्ट परवा येतील.

तिसरा_प्रहर | १९ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, खूप बरं वाटलं. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. शनिवारी पोराला अंकांची अडचण आली तर भांड्यांत पाणी मोजायला द्या. आमच्याकडे अपूर्णांक तसेच आले.

अबोली | १९ ऑगस्ट, दुपारी ३:१२

आमच्या चौघींची पाळी सुरू झालीय, दर दुसऱ्या रविवारी. काल माझी सुट्टी होती. आम्ही घरीच होतो. दार लावून.

गोदाकाठ | २२ ऑगस्ट, रात्री ९:४७

आज त्याला फाईल दाखवली. साड्यांच्या खालून काढून समोर ठेवली, आणि माहेरी जाते म्हणून कुठे गेले होते ते सगळं सांगितलं. आजींचं कात्रण डोक्यातून जात नव्हतं.

तो ओरडला नाही. "दोन वर्षं?" एवढंच म्हणाला. जेवला नाही. आत्ता गॅलरीत बसलाय, फाईल घेऊन. लाईट लावलाय आणि एकेक पान वाचतोय. मुलगी मघाशी पाणी द्यायला गेली ती अजून तिथेच आहे, त्याच्याशेजारी. आकृत्यांवर बोट ठेवून त्याला काहीतरी सांगतेय. मी आत बसलेय. बाहेर जावं की नाही, कळत नाही.

दिवेलागण | २२ ऑगस्ट, रात्री ९:५५

जा.